पितृपक्षाच्या आधी सिझर करून घेऊ का?

भाद्रपद जवळ आला की हा प्रश्न माझ्याकडे हमखास येतो. मध्यंतरी एक ताई सासूबाईंना घेऊन आल्या होत्या (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदललेत), पहिलं सिझर, दुसरंही सिझरच ठरलेलं, डॉक्टरांनी ३९ आठवडे पूर्ण झाल्यावरची तारीख दिली आणि ती नेमकी पितृपक्षात. सासूबाईंचं म्हणणं, गौरी जेवतात त्या दिवशी करून टाका, नववा तर लागलाच आहे. हिशोब केला तर त्या दिवशी ३७ आठवडे २ दिवस होत होते. ताई गप्प, डोळ्यात पाणी.

मी सासूबाईंना म्हटलं, आई, आपलीच माणसं नऊ महिने नऊ दिवस म्हणतात ना, नववा लागणं आणि नववा भरणं यात फरक आहे. कळा सुरू होतात तेव्हा बाळाच्या फुप्फुसातलं पाणी शोषलं जायला लागतं, कळांशिवाय लवकर काढलं तर ते राहतं नि बाळाला धाप लागते, मग काचेच्या पेटीत ठेवावं लागतं. अमेरिकेत २००९ मध्ये यावर मोठा अभ्यास छापून आला, आधी सिझर झालेल्या बायकांची, काही मेडिकल कारण नसताना ठरवून केलेली तेरा हजारांवर सिझर त्यांनी तपासली. ३७ व्या आठवड्यात काढलेल्या १०० बाळांपैकी साधारण १५ जणांना श्वासाचा त्रास, साखर कमी होणं, इन्फेक्शन, एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) ठेवावं लागणं असं काही ना काही झालं, ३८ व्यात ११ जणांना, ३९ व्यात ८. म्हणजे बहुतेक बाळं ३७ ला पण ठीकच असतात, घाबरवायचं नाहीये मला, पण निव्वळ तिथीसाठी त्रासाची शक्यता जवळपास दुप्पट कशाला करायची?

मग सासूबाई म्हणाल्या, बरं, घटस्थापनेपर्यंत थांबू. तेही नको, कारण ४० च्या पुढे आठवडे जातात तशी बाळ पोटात दगावण्याची शक्यता थोडी थोडी वाढते आणि आधीच्या सिझरचा टाकाही असतो, मध्येच कळा आल्या तर घाईत ऑपरेशन. डॉक्टरांशी बोलून दिवस तोच ठेवला, फक्त त्यातली सकाळची वेळ सासूबाईंनी पंचांग बघून निवडली. मला यात काही वावगं वाटत नाही, त्यांचाही जीव नातवंडातच अडकलेला असतो.

बीपी, शुगर, बाळाची वाढ कमी, अशा कारणानं डॉक्टरच लवकर करू म्हणाले तर ती गोष्ट वेगळी, तिथे अडून बसू नका. आणि शेवटच्या सोनोग्राफीत तारीख वेगळी दिसली म्हणून गोंधळू नका, पहिल्या तीन महिन्यांतल्या सोनोग्राफीची तारीखच जास्त भरवशाची असते, आठवडे त्यावरूनच मोजून घ्या. बाळाची हालचाल कमी वाटली, पाणी गेलं, रक्त दिसलं तर मात्र कुठलीही तारीख न बघता लगेच दवाखाना गाठा, रात्रीचे दोन वाजले असले तरी.