पहिल्या बुद्धिबळ स्पर्धेआधी मुलीला काय सांगाल?

तुमची मुलगी आजवर फक्त मोबाइलवर खेळली आहे आणि आता तिची पहिली रॅपिड (कमी वेळेच्या डावांची) स्पर्धा आहे. तिथे कसं वागायचं, हा तुमचा एक प्रश्न. ऑनलाइन डाव हरत आलेले लोक खेळी न करता घड्याळ संपवत बसतात त्याचं काय करायचं, हा दुसरा.

मोबाइल तिला आतापर्यंत सांभाळून घेत होता. नियमबाह्य खेळी तो होऊच देत नाही, घड्याळही आपोआप बदलतो. पटावर तसं नाही. आपली पाळी असताना जे मोहरं जाणूनबुजून हातात धरलं, ते खेळावंच लागतं. म्हणून विचार करताना हात पटापासून लांब. मोहरं फक्त नीट ठेवायचं असेल तर हात लावण्याआधी ‘ॲडजस्ट’ म्हणायचं, तेही स्वतःच्याच पाळीत. कॅसलिंगला (राजा आणि हत्ती एकाच खेळीत हलवायला) राजा आधी उचलायचा. आधी हत्तीला हात लावून मग राजा धरला, तर त्या बाजूचं कॅसलिंग त्या खेळीत करता येत नाही. मोबाइलवर शिकलेली मुलं इथे हमखास अडकतात. प्यादं शेवटच्या घरात पोचलं आणि जवळ वजीर नसला, तर वजीर म्हणून हत्ती उलटा ठेवून घड्याळ दाबू नये, तो हत्तीच धरतात. घड्याळ थांबवून पंचांकडे वजीर मागावा. घड्याळ दाबायचं ते ज्या हाताने खेळी केली त्याच हाताने, आणि आपटायचं नाही.

घरी आपण ‘शह’ म्हणतो, स्पर्धेत म्हणायची गरज नसते. बरोबरी विचारायची तर आधी खेळी करायची, मग विचारायचं, मग घड्याळ दाबायचं. नाही म्हणाले की विषय संपला. दर दोन खेळ्यांनी विचारणं म्हणजे त्रास देणं, पंच त्यावर कारवाई करू शकतात.

हस्तांदोलन डावाआधी आणि नंतर, हरलो तरी. 2008 साली नेदरलँड्समधल्या वाइक आन झी इथल्या स्पर्धेत बल्गेरियाच्या चेपारिनोव्हने इंग्लंडच्या नायजेल शॉर्टशी हात मिळवला नाही, तर पंचांनी डाव शॉर्टला दिला होता. पुढे अपिलात डाव पुन्हा खेळायचं ठरलं आणि तोही शॉर्टच जिंकला! डाव संपल्यावर मोहरी पुन्हा मांडून ठेवायची. गुकेशने 2024 मध्ये सिंगापूरला जगज्जेतेपद मिळवल्यावर, डोळ्यांत पाणी असतानाही, आधी पट लावला होता. मुलांना तो व्हिडिओ जरूर दाखवा. ‘इथे घोडा खेळली असतीस तर जिंकली असतीस’ हे मात्र जिंकणाऱ्याने आपणहून सांगू नये. समोरच्याने विचारलं तर दोघींनी हॉलबाहेर जाऊन बोलावं.

खरं सांगायचं तर मुलांपेक्षा पालकच जास्त चुकतात. पटामागे उभं राहून भुवया उंचावणं हीसुद्धा मदतच झाली. तिचा फोन तुमच्याकडेच ठेवा. डाव चालू असताना तो तिच्या खिशात सापडला तर डाव जाऊ शकतो. आणि ऑनलाइन डावात बाबांनी शेजारून खेळी सुचवली तर ती फसवणूकच, रेटिंग (खेळाडूची ताकद दाखवणारा आकडा) कितीही कमी असो.

आता घड्याळ संपवत बसणाऱ्यांबद्दल. मात होईपर्यंत खेळणं यात गैर काही नाही, नवख्यांनी तर तसंच खेळावं. प्रतिस्पर्धी डाव का सोडत नाही म्हणून चिडायचं कारण नाही. एकच खेळी उरली असताना दहा मिनिटं बसून राहणं मात्र वाईट. त्यावर चॅटमध्ये काही लिहू नका. डाव संपला की तक्रारीचं बटण दाबा, खेळाडूला ब्लॉक करा, झालं. प्रतिस्पर्धी साइट सोडून गेला असेल तर लिचेस या बुद्धिबळाच्या साइटवर थोड्या वेळाने विजयाचा दावा करता येतो. तिचं चॅट तर बंदच ठेवा. खेळी परत घेण्याची विनंती बोट घसरलं तरच करावी, चाल चुकली म्हणून नाही, आणि नकार आला की पुन्हा नाही. स्पर्धेत ती सोयच नसते, म्हणून स्पर्धा होईपर्यंत ऑनलाइनही ते बटण वापरू देऊ नका, आणि रोज एक तरी डाव घरी खऱ्या पटावर, घड्याळ लावून खेळा.