झेरॉक्सच्या दुकानात आधार कार्ड व्हॉट्सॲपवर पाठवावं की क्विक शेअरनं?

भाडेकरारासाठी आधार-पॅनच्या प्रिंट काढायच्यात, दुकानवाला व्हॉट्सॲपवर पाठवा म्हणतो, त्याऐवजी क्विक शेअरनं, म्हणजे अँड्रॉइड फोनमधून जवळच्या कॉम्प्युटरला थेट फाइल पाठवायच्या सोयीनं, दिलं तर सुरक्षित का, असं तुम्ही विचारलंय. माझं पुण्यात नारायण पेठेत झेरॉक्सचं दुकान आहे, अकरा वर्षं झाली. काउंटरच्या आतून सांगते, व्हॉट्सॲपवर पाठवू नका.

व्हॉट्सॲपची फाइल वाटेत कुणी वाचत नाही, मान्य. पण ती पोचते कुठं? दुकानातल्या कॉम्प्युटरवर सकाळपासून उघड्या असलेल्या व्हॉट्सॲप वेबवर. फाइलबरोबर तुमचा नंबर येतो, नाव येतं, डीपी येतो, आणि ते सगळं तिथंच राहतं.

आमची निम्मी गिऱ्हाइकं आसपासच्या अभ्यासिकांमधली मुलंमुली. दोन वर्षांपूर्वी एका परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी हॉल तिकिटांसाठी झुंबड उडाली होती. आमचा मॉनिटर तेव्हा अर्धा बाहेर वळवलेला असायचा, ‘काकू, हे नाही, त्याच्या खालचं’ असं पोरांना बोट दाखवून सांगता यावं म्हणून. एका मुलीनं हॉल तिकीट आणि आधार पाठवलं, प्रिंटा घेतल्या, गेली. चौथ्या दिवशी मावशीला घेऊन आली. कुणीतरी तिला रात्री-अपरात्री मेसेज करत होता आणि त्यानंच पाठवलेला एक फोटो तिनं माझ्यासमोर धरला. आमचा मॉनिटर. कडेला माझा लाल स्टेपलर, मागे लॅमिनेशनचं मशीन, मधोमध तिचं चॅट. वर नंबर, खाली आधार कार्ड, पत्त्यासकट. रांगेतल्या कुणीतरी काढलेला. मावशी आवाज चढवून बोलल्या नाहीत. ‘तुम्ही बाईमाणूस काउंटरवर असताना हे झालं,’ एवढंच म्हणाल्या. मुलगी सगळा वेळ खाली बघत होती.

त्या रात्री शटर ओढून मी एकेक चॅट पुसत बसले. आधार, पॅन, लाइट बिलं, सोनोग्राफीचे रिपोर्ट, एका बाईंचा घटस्फोटाचा अर्ज. वर्षानुवर्षांचं साठलेलं, आणि आम्हाला त्यातलं काही नको होतं.

दुकान माझं आणि माझ्या दिरांचं. दुसऱ्या दिवशी म्हटलं, भाऊजी, बोर्डावरचा व्हॉट्सॲप नंबर पुसून टाकू, क्विक शेअरनंच घेऊ. ते म्हणाले, ‘वहिनी, गिऱ्हाईक पाठवतं आणि मोकळं होतं. तुमचं ते शोधा, स्वीकारा करत बसलं तर रांग अप्पा बळवंत चौकात जाईल.’ मला हे तेव्हाही पटलं नाही, आजही पटत नाही. नंबर सेव्ह करा, पाठवा, मग ‘कुठल्या नंबरवरून आलं?’ म्हणत मी चाळीस चॅटमध्ये शोधणार, यात वेळ जात नाही?

क्विक शेअरमध्ये फोन आधी ब्लूटूथवर आमचा कॉम्प्युटर हुडकतो, मग दोघांत तेवढ्यापुरती वायफायची जोडणी होते, फाइल एन्क्रिप्ट होऊन, म्हणजे वाटेत कुणाला वाचता येणार नाही अशी, येते आणि काम झालं की जोडणी तुटते. नंबरची देवाणघेवाण नाही, चॅट नाही. दोन्ही स्क्रीनवर सारखाच पिन दिसतो, तो जुळवून बघा, कारण यादीत शेजारी उभ्या असलेल्याचा लॅपटॉपही दिसू शकतो. फोनला दिलेलं नाव मात्र समोरच्याला दिसतं. नाव-आडनाव ठेवलं असेल तर बदला. आणि फोन ‘सगळ्यांना दिसेल’ असा कायम ठेवू नका, दहा मिनिटांचा पर्याय असतो.

तरी सुरक्षित झाली ती फक्त वाट. फाइल दुकानाच्या डाउनलोड्स फोल्डरमध्ये जाऊन पडतेच. प्रिंट हातात आली की समोर उभं राहून शिफ्ट-डिलीट करायला सांगा. साधं डिलीट केलं तर रीसायकल बिनमध्ये राहते. सांगायला संकोचू नका. ज्या दुकानदाराला राग येतो त्याच्याकडे पुन्हा जाऊ नका, मग तो आमचा भाऊजी असला तरी. ई-आधारच्या पीडीएफला पासवर्ड आहे म्हणून निर्धास्त राहू नका, नावाची पहिली चार अक्षरं आणि जन्मसाल हे गणित रांगेतल्या प्रत्येकाला ठाऊक असतं. घरमालकाला चालत असेल तर मास्क्ड आधारच काढा, त्यात पहिले आठ अंक झाकलेले असतात.

आयफोन असेल तर त्यातली तशीच सोय, एअरड्रॉप, विंडोजच्या कॉम्प्युटरवर येत नाही. अशांना मी लोकलसेंड सांगते, त्याला दोन्हीकडे ॲप आणि एकच वायफाय लागतं. पूर्वी पोरं शेअरइट, झेंडर वापरायची, पण जून २०२० मध्ये त्या दोन्हींवर बंदी आली.

क्विक शेअरमध्ये खोट नाही असंही नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये संशोधकांनी त्यातल्या दहा त्रुटी मांडल्या, बहुतेक विंडोजवरच्या ॲपमधल्या. न विचारता समोरच्या कॉम्प्युटरवर फाइल ढकलता येत होती. गूगलनं दुरुस्ती केली, पण ज्यानं ॲप अपडेट केलं त्यालाच ती मिळाली. हा धोका जास्त आम्हा दुकानवाल्यांना, म्हणून मी दर सोमवारी अपडेट बघते. भाऊजी म्हणतात, बघा, यातही भोकं आहेतच. आहेत, पण ती बुजवता येतात. त्या मुलीचा नंबर मला परत आणता आला नाही.

बोर्डावरचा नंबर अजून तसाच आहे, त्यावर आमचं एकमत झालेलं नाही. मॉनिटर मात्र मी त्याच आठवड्यात भिंतीकडे फिरवला. तुम्ही दुकानात शिराल तेव्हा आधी तेच बघा. स्क्रीन रांगेकडे तोंड करून असेल तर कशानंच पाठवू नका, पुढच्या दुकानात जा.