दहा टक्के आणि एक रिकामा रकाना

‘मॅडम, मला दिसत नाही हे मला माहीत आहे. मग बोर्डानं मला खोटं का ठरवलं?’

समुपदेशक म्हणून दृष्टी कमी होत चाललेल्यांकडून हा प्रश्न मी थोड्याफार फरकानं सतत ऐकते. वैद्यकीय बोर्डानं तपासून दिलेल्या दिव्यांग प्रमाणपत्रावर दिव्यांगत्वाचे टक्के अपेक्षेपेक्षा कमी आलेले असतात. नोकरीतलं आरक्षण, आयकरातली दिव्यांगांसाठीची वजावट अशा अनेक गोष्टींसाठी किमान ४० टक्के लागतात. पण समोर बसलेला माणूस सवलतींबद्दल फारसं बोलत नाही. त्याला बोलायचं असतं अपमानाबद्दल.

असेच एक गृहस्थ पत्नीसह आले होते. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) वय चाळिशीतलं, काम हिशेबाचं, आजार रेटिनायटिस पिग्मेंटोसा, म्हणजे डोळ्याचा पडदा हळूहळू निकामी होत जाणं. यात आधी रात्रीचं दिसणं जातं, मग बाजूचं, आणि मधली नजर बराच काळ टिकते. तक्त्यावरची अक्षरं वाचता येतात, पण पायाजवळची बादली दिसत नाही. त्यांच्या उजव्या डोळ्याची नजर ६/१२ आणि डाव्याची ६/२४ नोंदली होती (६/६ म्हणजे पूर्ण नजर; खालचा आकडा जितका मोठा, तितकी नजर कमी), आणि टक्के मिळाले होते १०.

‘यांना दार अर्धं उघडं असलं तरी कळत नाही हो,’ ताई म्हणाल्या. ‘कपाळावरची खूण बघा.’

ते गप्प होते. फाईलमध्ये कित्येक पानांचं अपील तयार होतं. त्यात कपाळाची खूण होती, सुटलेली नोकरी होती, डॉक्टरांनी वर न बघता कागद पुढे ढकलल्याचं वर्णन होतं.

मी विचारलं, ‘यातली कोणती ओळ वाचून टक्के बदलतील?’

‘सगळं खरं आहे मॅडम.’

‘खरंच आहे. मी कोणती ओळ उपयोगाची, ते विचारतेय.’

पुढच्या काही भेटी रागातच गेल्या. राग घालवायची मला घाई नव्हती. माणसाला घटना तितकी छळत नाही, त्यानं घटनेचा लावलेला अर्थ छळतो, या विचारावर माझं काम उभं आहे. तो अर्थ मी पुसून टाकत नाही. कागदाशेजारी ठेवून ताडून बघते. म्हणून एका भेटीत मी त्यांना बोर्डाच्या तपासणीच्या नोंदीची छायाप्रत मोठ्यानं वाचायला सांगितली. ओळीखाली बोट धरून ते सावकाश वाचत गेले. उजवा डोळा, चष्म्यासह. डावा डोळा, चष्म्यासह. मग ‘दृष्टिक्षेत्र’, म्हणजे समोर बघताना आजूबाजूचं किती दिसतं, या शब्दापाशी बोट थांबलं. पुढे काहीच लिहिलेलं नव्हतं.

बराच वेळ ते त्या कोऱ्या जागेवर बोट ठेवून बसले. मग म्हणाले, ‘म्हणजे मला खोटं ठरवलंच नाही. हे तपासलंच नाही.’

ज्या वाक्यासाठी इतक्या भेटी खर्ची पडल्या होत्या, ते हेच. मी सुचवलं असतं तर त्यांनी मान हलवली असती आणि घरी जाऊन पुन्हा तेच अपील वाचलं असतं. ते त्यांच्याच तोंडून आलं, आणि त्याबरोबर आणखी एक गोष्ट निघाली. डॉक्टरांनी ‘बाकी कसं दिसतं?’ असं विचारल्यावर त्यांनी ‘भागतं’ असं उत्तर दिलं होतं. तक्ता वाचताना मान जराशी फिरवून एकेक अक्षर हुडकलं होतं, शाळेतल्या हुशार मुलासारखं. आयुष्यभर उणीव झाकायची सवय लागलेला माणूस ती दाखवायच्या दिवशीही झाकतो, हे मी या कामात वारंवार पाहिलं आहे.

अपील करण्याआधी टक्के कसे ठरतात ते समजून घ्या. केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये दोनच मापं आहेत : चष्म्यासह जास्तीत जास्त मिळणारी नजर, आणि दृष्टिक्षेत्र. जास्त चांगल्या डोळ्याचं माप आधी पाहतात. तो डोळा ६/१८ किंवा त्याहून चांगला असेल, तर दुसरा पूर्ण गेला तरी ३० टक्केच होतात. दोन्ही डोळे ६/२४ ते ६/६० या पट्ट्यात असतील तर ४०. पण नजर चांगली असूनही दृष्टिक्षेत्र मध्यबिंदूभोवती ४० अंशांपेक्षा कमी उरलं असेल, तर तेही याच पट्ट्यात धरतात. २० अंशांच्या खाली गेलं तर टक्के आणखी वाढतात. रातांधळेपणाला वेगळे टक्के नाहीत. पडण्याझडण्यालाही नाहीत. हे कठोर वाटतं, मलाही वाटतं, पण अपील याच चौकटीत लढवावं लागतं. चष्मा काढून तपासणीला जाण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. मोजमाप चष्म्यासहच होतं, आणि उगीच संशय मात्र येतो.

तेव्हा आधी फील्ड टेस्ट, म्हणजे दृष्टिक्षेत्र मोजणारी पेरिमेट्री करून घ्या, शक्यतो सरकारी रुग्णालयात. यंत्रात मधल्या ठिपक्यावर नजर रोखायची आणि बाजूला प्रकाश दिसला की बटण दाबायचं. इथे या आजाराचे लोक हमखास चुकतात. डोळे फिरवून शोधायची सवय असल्यानं ते प्रकाशाचा माग काढतात. नजर हलल्याची नोंद यंत्र ठेवतं आणि अहवाल अविश्वसनीय ठरतो. थकवा आला तर तंत्रज्ञाला थांबायला सांगा. अहवालासोबत पडद्याच्या तपासणीची नेत्रतज्ज्ञांची नोंद जोडा.

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ च्या कलम ५९ नुसार अपील करता येतं. मुदत निर्णयापासून ९० दिवस. अपील कोणाकडे करायचं ते प्रमाणपत्र देणाऱ्या रुग्णालयातच विचारा आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या. मजकूर एका पानात बसतो : निर्णयाची तारीख, मिळालेले टक्के, कोणतं माप घेतलं नाही, नवा अहवाल काय सांगतो, आणि फेरतपासणीची मागणी. प्रमाणपत्राची प्रत जोडायलाच हवी. म्हणणं मांडायची संधी मिळते. तेव्हा ‘भागतं’ हा शब्द घरी ठेवून जा. काय दिसत नाही ते सांगा, तेही जेवढं आहे तेवढंच. फसवणुकीनं लाभ घेतला तर याच कायद्यात शिक्षा आहे.

त्या गृहस्थांचं नवं अपील खरोखरच एका पानाचं झालं. फेरतपासणीत त्यांना ४० टक्के मिळाले. जुनी पानं त्यांनी फाडली नाहीत. मीही फाडायला सांगितलं नव्हतं. ते दुःख खरंच होतं, फक्त त्याचा पत्ता चुकला होता.

एक डोळा गेलेले आणि दुसरा उत्तम असलेले लोक अपिलाबद्दल विचारतात, तेव्हा मी स्पष्ट सांगते की मापं बरोबर असतील तर ३० चे ४० होणार नाहीत. त्यांच्यासोबत काम वेगळं असतं : एका डोळ्यानं अंतराचा अंदाज घ्यायला शिकणं, कामाची जागा बदलून घेणं, उरलेला डोळा जपणं. आणि ज्यांचा आजार वाढत जाणारा आहे, त्यांनी प्रत्येक फील्ड टेस्टचा कागद तारखेप्रमाणे लावून ठेवावा. क्षेत्र आणखी आकसलं, तर नव्यानं मूल्यांकन मागताना बोर्डापुढे तोच ठेवायचा असतो.