रक्तात असणं आणि अंगवळणी पडणं

'दूध आमच्या रक्तातच आहे' आणि 'दूध आमच्या अंगवळणी पडलंय', यात फरक काय असा प्रश्न आलाय. भरपूर फरक आहे. हल्ली जो उठतो तो कशालाही 'डीएनएत आहे' म्हणतो, फेटा बांधणं डीएनएत, पुरणपोळी डीएनएत, अहो शिकलात ते, कुणाच्या तरी शेजारी उभं राहून बघून बघून शिकलात!

'अंगवळणी'चा साधा अर्थ सगळ्यांना माहितीय, तो सोडतो. खरी गंमत 'वळण'मध्ये आहे. मूळ संस्कृत 'वल्', म्हणजे वळणे. काही जण छातीठोकपणे 'वर्तन'वरून काढतात ते साफ चूक, 'र्त'चा प्राकृतात 'ट्ट' किंवा 'त्त' होतो, म्हणून तर 'वर्त्मन्'ची 'वाट' झाली. 'ळ' बहुतेक वेळा मुळातल्या एकट्या 'ल'चा होतो, फल-फळ, काल-काळ, तसं वल-वळ. आता बघा, अक्षराचं वळण, पोराला वळण लावणं आणि गुरं वळणं, सगळं एकाच धातूचं! माझं तर ठाम मत आहे की पोराला वळण लावणं हे गुरं वळण्यावरूनच आलं. भरकटलेल्या वासराला गुराखी नुसता आडवा जातो, हाळी देतो, की ते कळपाकडे फिरतं. आई पोराचा हात धरून 'ग' गिरवून घेते तेही तसंच.

आणि गुरं वळणाऱ्यांचं तर अंगच खरोखर वळलं. दुधातली साखर पचवणारं लॅक्टेज नावाचं एन्झाइम बाळाच्या आतड्यात असतं, अंगावरचं दूध तुटलं की पुढे बहुतेकांचं कमी होत जातं, आजही जगातल्या साधारण दोन-तृतीयांश मोठ्या माणसांचं. पण जिथे हजारो वर्षं गुरं पाळून दूध काढलं तिथे ज्यांच्या डीएनएत एका अक्षराचा बदल होऊन लॅक्टेज मोठेपणीही टिकलं, त्यांची पोरंबाळं जास्त जगली आणि बदल पसरला. युरोपात आणि वायव्य भारतात हा बदल एकच, केनिया-टांझानियाच्या पशुपालकांत मात्र वेगळेच बदल, ते २००७ मध्ये सापडले. म्हणजे सवय आधी, रक्त मागून.

मंगोलियात तर पिढ्यान्‌पिढ्या दुधावर जगतात आणि हा बदल फार थोड्यांत आहे, तिथलं दूध निव्वळ अंगवळणी. घोडीचं दूध घुसळून आंबवतात, बरीचशी साखर जंतूच खाऊन टाकतात. आपण रात्री कोमट दुधात चमचाभर विरजण घालून झाकून ठेवतो ना, तेच काम.