पासवर्ड कच्चा का ठरतो?

प्रश्न : लातूरच्या मोंढ्यात आमची आडत आहे. हिशेबाच्या संगणकाचा पासवर्ड म्हणजे दुकानाचे नाव आणि पुढे '@१२३'. अक्षर, अंक, चिन्ह सगळे आले; मग तो कच्चा कसा?

उत्तर : पासवर्ड फोडणारे सॉफ्टवेअर एकेक अक्षर चाचपडत बसत नाही, ते आधी नावे, गावे, देवांची नावे आणि जन्मसाले घेऊन त्यांना '@१२३' सारखी शेपटे जोडून पाहते. आपल्या दुकानाचे नाव तर शेतकऱ्याला दिलेल्या प्रत्येक पट्टीवर छापलेले असते. याउलट, कसलाही अर्थ नसलेल्या आठ लहान इंग्रजी अक्षरांच्या सुमारे २०,८८२ कोटी जुळण्या होतात आणि पुढच्या प्रत्येक अक्षरागणिक त्या २६ पटींनी वाढतात. म्हणून चिन्हांपेक्षा लांबीकडे पाहा. शब्दकोश डोळे मिटून पाच वेळा उघडा आणि बोट पडेल तो शब्द घ्या : घागर, विळा, तिकीट, उंबर, सतरंजी. हे शब्द रोमन लिपीत सलग टंकले की पंचविसाहून अधिक अक्षरे होतात आणि ती लक्षातही राहतात. (हाच नमुना मात्र उचलू नका, तो आता छापून आला.) म्हणी आणि अभंगांच्या ओळीही नकोत, कारण त्या इतरांनाही पाठ असतात.

प्रश्न : जालन्यात आमचे बियाण्यांचे दुकान आहे. तिघे एकच पासवर्ड वापरत होतो. त्यातला एक जण काम सोडून गेला.

उत्तर : पासवर्ड आजच बदला. शटरची किल्ली आपण आठवणीने परत मागतो, पासवर्ड मात्र माणसाबरोबर जातो. यापुढे प्रत्येकाला स्वतंत्र लॉगिन द्या, म्हणजे कोणती नोंद कोणी केली हेही कळेल.

प्रश्न : मी परभणीत शिक्षिका आहे. इतके वेगवेगळे पासवर्ड लक्षात कसे ठेवायचे?

उत्तर : सगळे लक्षात ठेवू नका, पासवर्ड मॅनेजर (सगळे पासवर्ड एका मुख्य पासवर्डच्या कुलुपात जपणारे ॲप) वापरा. ते जमत नसेल तर कुलुपातल्या कपाटातली वही चालेल, संगणकाला चिकटवलेली चिठ्ठी चालणार नाही. ईमेलचा पासवर्ड मात्र अगदी वेगळा ठेवा आणि तिथे द्विस्तरीय पडताळणी (पासवर्डनंतर मोबाइलवरचा कोडही मागणारी सोय) सुरू करा, कारण बाकीच्या बहुतेक खात्यांचे पासवर्ड बदलण्याच्या लिंक तिथेच येतात.

प्रश्न : पासवर्ड दर महिन्याला बदलावा का?

उत्तर : गरज नाही. अमेरिकेच्या 'निस्ट' या तांत्रिक मानके ठरवणाऱ्या सरकारी संस्थेनेही २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांत अशी ठरावीक मुदतीची सक्ती नको म्हटले आहे. सक्ती केली की लोक 'जून' खोडून 'जुलै' लिहितात. पासवर्ड फुटल्याचा संशय आला तर मात्र लगेच बदला आणि खात्यातून पैसे गेले असतील तर आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी मदत क्रमांकावर फोन करा.