उंच पोराचा गुडघा

प्रश्न : मुलगा १७ वर्षांचा, उंची सहा फूट तीन इंच. पेठेच्या फुटबॉल संघात स्टॉपर (मधला बचावपटू) खेळतो, कॉलेजच्या संघातही आहे. मोबाइलवर ऑस्ट्रेलियन फुटबॉल (हातानंही चेंडू खेळायचा तिथला वेगळा खेळ) बघतो. तिथला मॅक्स किंग त्याचा आवडता. त्याचा गुडघा म्हणे कोवळ्या वयातच गेला होता. उंच पोरांचे गुडघे लवकर जातात का? खेळ बंद करू का?
– एक पालक, मंगळवार पेठ

उत्तर : बंद अजिबात करू नका. मॅक्स किंगचंच बघा. उंची २०२ सेंटिमीटर. २०१८ मध्ये, व्यावसायिक क्लबांकडून नव्या खेळाडूंची निवड तोंडावर असताना, त्याच्या गुडघ्यातलं एसीएल हे लिगामेंट (हाडं बांधून ठेवणारा पट्टा) फाटलं. तरीही वर्षअखेरीस सेंट किल्डा क्लबनं त्याला चौथ्या क्रमांकावर घेतलं आणि वरच्या लीगमध्ये उतरवलं ते थेट २०२० मध्ये. त्याच लीगमधला निक नायटानुई २०१ सेंटिमीटरचा. त्याचा एक गुडघा २०१६ मध्ये गेला, दुसरा २०१८ मध्ये. पुढे २०२० आणि २०२१ मध्ये तो लीगच्या सर्वोत्तम संघात निवडला गेला. आपल्याकडे पोर जरा बरं चालायला लागलं की फायनलला उतरवतात, तिथंच घात होतो. एसीएलच्या ऑपरेशननंतर निदान नऊ महिने तरी सामना नकोच.

एसीएल बहुतेक वेळा धडकेनं तुटत नाही. हेडर मारून खेळाडू एका पायावर उतरतो, गुडघा जवळजवळ सरळ असतो, तो आत पडतो आणि वरचं अंग फिरतं. उंच मुलाचं मांडीचं आणि नडगीचं हाड लांब, त्यामुळे झोक गेला की गुडघ्यावर ताण जास्त येतो. त्यात हाडं आधी वाढतात, ताकद आणि तोल मागून येतात. मुलाला जपायचं ते या मधल्या काळात.

ऑस्ट्रेलियन खेळात उंच माणसाच्या वाट्याला आणखी एक धोका येतो. पंच मध्यभागी चेंडू उंच उडवतो आणि दोन्ही बाजूंचे रकमन (तो चेंडू मिळवणारे उंच खेळाडू) धावत येऊन त्यासाठी झेपावतात. हवेत गुडघा समोरच्यावर आदळला की नडगी मागं ढकलली जाते आणि पीसीएल, म्हणजे गुडघ्यातलं मागचं लिगामेंट, जातं. म्हणून २००५ पासून १० मीटर व्यासाचं वर्तुळ आखून त्यांची धाव आखूड केली. त्यानंतर या दुखापती कमी झाल्या.

घरी एवढं करा. साधारण ३० सेंटिमीटर उंच पायरीवरून त्याला दोन्ही पायांवर खाली उडी घ्यायला लावा आणि समोरून स्लो मोशनमध्ये व्हिडिओ काढा. गुडघे पावलांच्या रेषेत राहायला हवेत. आत पडत असतील किंवा टाचा धप्पकन आपटत असतील, तर आधी उतरायला शिकवा: चवड्यावर, गुडघे वाकवून, आवाज न करता. दोन पायांवर जमलं की मगच एका पायावर.

‘फिफा ११ प्लस’ हा २० मिनिटांचा वॉर्मअप आठवड्यातून निदान दोनदा हवा: ८ मिनिटं सावकाश धावणं, १० मिनिटं ताकद, तोल आणि उड्या, २ मिनिटं वेगानं धावणं. बैठका चांगल्याच, पण त्या दोन पायांवरच्या. एका पायावरची अर्धी बैठक वेगळी करून घ्या. ऑस्ट्रेलियन लीगमध्ये सर्वांत जास्त दुखापती हॅमस्ट्रिंगच्या, म्हणजे मांडीच्या मागच्या स्नायूंच्या असतात. त्यासाठी सतरंजीच्या घडीवर गुडघे टेकायचे, साथीदारानं घोटे दाबून धरायचे आणि कंबर न मोडता शक्य तितकं सावकाश पुढं झुकायचं. पहिल्या आठवड्यात एकच दिवस, ५-५चे दोन सेट. चौथ्या आठवड्यापर्यंत तीन दिवस, ८ ते १०चे तीन सेट. सुरुवातीला मांडी चांगलीच भरते, म्हणून सामन्याच्या आदल्या दोन दिवशी हा व्यायाम नको.

तुमच्या पत्रातली खरी काळजीची गोष्ट म्हणजे दोन संघ. दोन्ही प्रशिक्षकांना एकमेकांचा सराव माहीत नसतो. वहीत रोज किती मिनिटं खेळला आणि किती दमला (१० पैकी) ते लिहून गुणाकार करा. आठवड्याची बेरीज एकदम उसळली, तर कुठल्या तरी एका संघाला नाही म्हणा. आठवड्यात एक दिवस पूर्ण विश्रांती. पावसाळा सरला की मैदानं कडक होतात. तिथं लांब स्टड घातले तर पाय रुततो आणि गुडघा फिरतो. आखूड रबरी स्टड घ्या.

प्रश्न : मुलगा १५ वर्षांचा, उंची भराभर वाढतेय. किक मारताना आणि मागं वाकलं की कमरेत एका बाजूला दुखतं. मालीश चालू आहे.
– एक वाचक, राजारामपुरी

उत्तर : मालीश थांबवा आणि खेळही. या वयात असं दुखणं म्हणजे कमरेच्या मणक्याला बारीक चीर असू शकते. साध्या एक्स-रेत ती बऱ्याचदा दिसत नाही, म्हणून अस्थिरोगतज्ज्ञांना एमआरआयबद्दल विचारा. वेळीच सापडली तर बहुतेक मुलं काही महिन्यांच्या विश्रांतीनं ऑपरेशनशिवाय बरी होतात. पावलाच्या वरच्या बाजूला, मधोमध बोट दाबल्यावर दुखत असेल तर तेही तपासून घ्या. तिथल्या नॅव्हिक्युलर हाडाची चीर भरायला फार वेळ लागते. दर महिन्याच्या एक तारखेला, सकाळी, अनवाणी, भिंतीला टाच लावून उंची मोजा. महिन्यात अर्धा सेंटिमीटर किंवा जास्त वाढ दिसली, तर पुन्हा खेळायला लागल्यावरही त्या महिन्यात उड्या आणि स्प्रिंट कमी ठेवा.