पडले आणि पाडले

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रे तोडलेल्या किंवा कोसळलेल्या झाडांविषयीची आहेत. ती वेगवेगळ्या गावांहून आली असली तरी एकमेकांशी बोलणारी आहेत, म्हणून यावेळी इतर प्रश्न बाजूला ठेवून या पाचांनाच जागा दिली आहे.

प्रश्न : माझा मुलगा इंग्लंडमध्ये न्यूकॅसलला असतो. २०१९ मध्ये आम्ही उभयता तिकडे गेलो, तेव्हा रोमन लोकांनी बांधलेल्या भिंतीजवळचे एक एकटे झाड दाखवायला त्याने आम्हांला मुद्दाम नेले होते. पुढे ते झाड कोणी तरी रात्रीतून कापले आणि ती बातमी सांगताना तो फोनवर रडला. खरे सांगायचे तर मला नवल वाटले. आमच्या गावच्या देवराईतली त्याहून थोर झाडे गेली, पण कोणी हूं की चूं केले नाही. एका झाडासाठी एवढा शोक अतिच नव्हे का? (सातारा)

उत्तर : आपण पाहिलेले झाड नॉर्थंबरलंडमधल्या ‘सिकामोर गॅप’ या खिंडीतले. सम्राट हेड्रियनच्या काळी, इ. स. १२२ पासून बांधली गेलेली भिंत तेथे एका कड्यावरून चढत-उतरत जाते आणि दोन चढांच्या मधल्या खोलगट जागी हे झाड उभे होते. झाडाचे वय फार नव्हते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, त्या भागातले जमीनदार जॉन क्लेटन यांच्या काळात ते लावले गेले, असे मानतात. सिकामोर ही मेपलच्या कुळातली जात असून ती ब्रिटनची मूळची नाही. बाहेरून आलेली ही जात इतकी सहज रुजते की तिकडचे अनेक बागवान तिची रोपे तण समजून उपटतात. वय आणि दुर्मीळता या दोनच मापांनी मोजायचे, तर आपल्या देवराईतल्या झाडांपुढे ते उणेच ठरेल.

परंतु शोक या मापांनी मोजला जात नाही. ती भिंत चालत पार करणाऱ्यांसाठी १३५ किलोमीटरची पायवाट आहे आणि त्या वाटेवरच्या माणसाला उघड्या आभाळापुढे हे एकच झाड दुरून दिसत असे. तेथे लोकांनी लग्नाच्या मागण्या घातल्या, गेलेल्या माणसांची राख विसर्जित केली, मुलांची छायाचित्रे दरवर्षी त्याच जागी उभे करून काढली. १९९१ च्या रॉबिन हूडवरील चित्रपटात ते दिसले, २०१६ मध्ये ते इंग्लंडचे ‘वर्षाचे झाड’ म्हणून निवडले गेले, ही प्रसिद्धी वरची. मुळात ती जागा म्हणजे आपण ज्याला पार म्हणतो तीच होती, फक्त दगडी चौथरा तेवढा नव्हता. आपल्या चिरंजीवांनी आई-वडिलांना तेथे मुद्दाम नेले, यातच त्यांच्या रडण्याचे कारण आहे असे मला वाटते, कारण परक्या मुलुखात त्यांना ‘हे माझे’ म्हणून दाखवता येईल असे काही तरी त्या खिंडीत सापडले होते.

आणखी एक गोष्ट आहे. २८ सप्टेंबर २०२३ च्या सकाळी झाड आडवे दिसले तेव्हा नुकतेच ‘अॅग्नेस’ नावाचे वादळ येऊन गेले होते आणि वाऱ्याने ते पडले असावे, असा काहींचा पहिला समज झाला. मग लोकांनी बुंधा जवळून पाहिला. तो करवतीने सपाट कापलेला होता. झाड पडले नव्हते, पाडले होते. मराठीत या दोन शब्दांत एका कान्याचे अंतर आहे, पण शोकाचा संताप होतो तो त्या एका कान्यामुळे. वादळाने नेले असते तर लोक हळहळले असते आणि काही दिवसांनी घरोघरी जुनी छायाचित्रे निघाली असती. येथे कोणी तरी ठरवून, अंधारात येऊन, कोणालाही न विचारता ते नेले होते.

आपल्या देवराईविषयी मात्र एक उलट प्रश्न विचारतो. कोणी हूं की चूं केले नाही, ते दुःख झाले नाही म्हणून, की ते सांगायचे कोणापुढे हे कळले नाही म्हणून? आपण हे वाक्य पत्रात आवर्जून लिहिले आहे, त्यावरून निदान एका माणसाला ते दुःख झाले होते, हे तर उघड आहे.

प्रश्न : वरील प्रकरणात दोघांना चार वर्षांहून अधिक तुरुंगवास झाल्याचे वाचले. एक झाड तोडल्याबद्दल एवढी शिक्षा न्याय्य आहे का? रस्त्यांसाठी शेकडो झाडे तोडणाऱ्यांना कोणी प्रश्नही विचारत नाही. (नाशिक)

उत्तर : शिक्षा प्रत्येकी चार वर्षे तीन महिन्यांची आहे. न्यूकॅसलच्या न्यायालयात मे २०२५ मध्ये दोघे दोषी ठरले आणि १५ जुलैला शिक्षा सुनावली गेली. खटला वृक्षतोडीच्या एखाद्या खास कायद्याखाली नव्हे, तर मालमत्तेच्या नुकसानीविषयीच्या १९७१ च्या कायद्याखाली चालला. म्हणजे कायद्याच्या डोळ्यांपुढे ते झाड आधी कोणाची तरी मालमत्ता होते, म्हणून त्याची किंमत काढावी लागली. आरोपात ती ६,२२,१९१ पौंड धरली होती आणि झाड ज्या भिंतीवर कोसळले तिच्या नुकसानीचे १,१४४ पौंड वेगळे होते.

हे आकडे वाचून हसू येणे स्वाभाविक आहे. लाकडाच्या वखारीत त्या झाडाचे एवढे पैसे कोणी दिले नसते. शहरातल्या वा लोकांच्या वापरातल्या झाडांची किंमत ठरवताना तिकडे खोडाचा घेर, झाडाची प्रकृती, ते किती लोकांना दिसते, त्या जागेत त्याचे स्थान काय, अशा गोष्टी हिशेबात घेण्याची पद्धत आहे. ही पद्धत अचूक आहे असे मी म्हणणार नाही. पण ‘घनफुटाला अमुक रुपये’ या हिशेबापेक्षा ती माणसांच्या अधिक जवळ जाते, हे मान्य करावे लागेल.

शिक्षेच्या न्याय्यतेविषयी माझे मत असे की, झाडाच्या वयापेक्षा कृत्याच्या स्वरूपाकडे पाहावे. त्यांनी झाड कापतानाचे चित्रीकरण केले होते. ते २ मिनिटे ४१ सेकंदांचे आहे आणि न्यायालयात दाखवले गेले. खोडाचा एक तुकडा त्यांनी आठवण म्हणून बरोबर नेला. असे का केले, याचे समाधानकारक उत्तर खटल्यात मिळाले नाही. न्यायाधीशांनी शेवटी फुशारकी आणि थरार यांकडे बोट दाखवले. लोकांचा राग इतका टिकला, त्याचे एक कारण हे असावे. लाकडासाठी, जागेसाठी, निदान कोणावर सूड म्हणून तोडले असते, तर माणसाला ते निदान समजले असते.

रस्त्यांसाठी तुटणाऱ्या झाडांविषयी आपण म्हणता ते खरे आहे, पण तेथे प्रश्न कोणीच विचारत नाही असे नाही. मुंबईत आरे येथे मेट्रोच्या कारशेडसाठी ४ ऑक्टोबर २०१९ रोजी उच्च न्यायालयाने याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री दिव्यांच्या उजेडात तोड सुरू झाली. कायद्याच्या विद्यार्थ्यांच्या पत्रावरून सर्वोच्च न्यायालयाने ७ ऑक्टोबरला ती थांबवली, पण तोपर्यंत दोन हजारांहून अधिक झाडे गेली होती. तेथे परवानगी होती, नॉर्थंबरलंडात नव्हती. कायद्याने हा फरक मोठा आहे आणि तो मी लहान करू इच्छीत नाही. तरीही दोन्हीकडे लोकांच्या मनात रात्रच राहिली, हे मला लक्षणीय वाटते. आरेविषयी बोलणारा माणूस झाडांचा आकडा चुकवेल, पण ‘रात्री तोडली’ हे सांगायला विसरत नाही.

प्रश्न : आम्ही मिरज तालुक्यातले. भोसे गावचा चारशे वर्षांचा वड २०२० मध्ये महामार्गात जाणार होता. लोकांनी धडपड करून तो वाचवला आणि दोनच वर्षांत तो आपोआप कोसळला. तेव्हापासून ओळखीचे लोक ‘फुकट रस्ता वळवला’ म्हणून हसतात. त्यांना काय उत्तर द्यावे?

उत्तर : इतर वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. रत्नागिरी-नागपूर महामार्गाच्या आखणीत यल्लम्मा देवीच्या मंदिराजवळचा हा वड आला होता. ग्रामस्थ आणि पर्यावरणप्रेमींनी आवाज उठवला, तेव्हाचे राज्याचे पर्यावरणमंत्री आदित्य ठाकरे यांनी केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांना पत्र लिहिले आणि आखणी बदलली गेली. २०२२ च्या पावसाळ्याच्या तोंडाशी वड कोसळला.

हसणाऱ्यांना एवढेच विचारावे की, घरातल्या वृद्धाचे आजारपण काढले आणि दोन वर्षांनी तो गेला, तर औषधपाणी फुकट गेले असे आपण म्हणतो का? भोसेचा वड पडला, त्याला पाडावे लागले नाही. वर इंग्लंडच्या झाडाविषयी जे लिहिले, त्याची ही दुसरी बाजू आहे. तुम्हांला वाईट वाटले असेल, पण त्या दुःखात कोणावर चडफडण्याची पाळी आली नाही.

उपरोधाने नव्हे, खरोखर सांगण्यासारखी गोष्ट आणखी एक आहे. वडाचा तोल त्याच्या मुळांवर आणि जमिनीत उतरून खांब झालेल्या पारंब्यांवर असतो. पारंब्या जमिनीला टेकण्याआधीच छाटल्या गेल्या, भोवतीची माती खणली गेली किंवा तिच्यावर भराव पडला, तर वरून हिरवा दिसणारा वडही एखाद्या जोरदार पावसात उन्मळतो. भोसे येथे नेमके काय घडले यावर मी निवाडा देत नाही. परंतु रस्ता वळवला म्हणजे झाड वाचले असे धरून चालू नये. आडव्या विस्ताराखालची सगळी जमीन झाडाचीच समजली, तर ते वाचते.

प्रश्न : आमच्या गल्लीतला जुना पिंपळ एका रविवारी सकाळी माणसे येऊन तोडून गेली. ‘धोकादायक आहे, वरून परवानगी आहे’ एवढेच सांगितले. बायका रडल्या, तरुण मुलांनी ट्रक अडवला, पण तासाभरात सगळे संपले. आम्ही काय करायला हवे होते? (ठाणे जिल्हा)

उत्तर : आपला प्रश्न वाचून मला आमच्या जुन्या वाड्यामागचा पिंपळ आठवला. तोही असाच, विजेच्या तारांचे कारण सांगून, आम्ही शाळेत असताना गेला. घरी आल्यावर अंगणात भलतेच ऊन पडले होते, एवढेच मला नीट आठवते.

आता कामाचे सांगतो. महापालिका आणि नगरपालिकांच्या हद्दीत महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ लागू असतो. त्याप्रमाणे झाड तोडण्यास वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते आणि त्या अर्जाची जाहीर सूचना स्थानिक वृत्तपत्रात द्यावी लागते, तशीच ती त्या झाडावरही लावावी लागते. या कायद्यात ‘झाड तोडणे’ याचा अर्थही व्यापक आहे. जाळणे, कापणे किंवा कोणत्याही प्रकारे इजा करणे हे सारे त्यात येते. मुळांवर काँक्रीट ओतून झाड मारले, तरी तक्रार करण्यास जागा आहे. २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षे वा त्याहून अधिक वयाच्या झाडांना वारसा वृक्ष मानले गेले आहे आणि असे झाड तोडावेच लागले, तर त्याच्या वयाइतकी नवी झाडे लावण्याची तरतूद आहे. (शंभर वर्षांच्या पिंपळाबदली शंभर रोपे, हे गणित कागदावर जुळते. त्या रोपांच्या सावलीत बसायला आपल्या गल्लीतले किती जण असतील, हे कागद विचारत नाही.)

म्हणून ट्रक अडवण्याआधी त्या माणसांकडे परवानगीचा लेखी आदेश मागायला हवा होता, त्याचे आणि झाडाचे छायाचित्र काढायला हवे होते आणि झाडावर सूचना लावलेली होती का, हे शेजाऱ्यांना विचारून लिहून ठेवायला हवे होते. आदेश नसेल, तर लगेच वृक्ष अधिकारी आणि पोलीस दोघांनाही कळवावे. झाड गेल्यानंतरही माहितीच्या अधिकारात अर्ज, पाहणीचा अहवाल आणि ‘धोकादायक’ हा शेरा कोणी कशावरून मारला, ही कागदपत्रे मागता येतात. ती आताही मागा. कदाचित झाड खरोखरच पोखरलेले निघेल. तसे निघाले तर आपला राग निवेल. पण ते आपल्याला आधी, दिवसाढवळ्या, दाखवायला हवे होते.

प्रश्न : आमच्या सोसायटीतील तोडलेल्या उंबराचा बुंधा उपटून तेथे नवे रोप लावावे, असा ठराव आहे. माझा विरोध आहे. माझे चुकते का? (पुणे)

उत्तर : नाही. आधी एक पावसाळा थांबा. सिकामोर गॅपमध्येही तोडीनंतर दोन-तीन दिवसांतच एका भल्या माणसाने जवळच रोप आणून लावले होते. जागा जागतिक वारशाची आणि पुरातत्त्वदृष्ट्या नाजूक असल्यामुळे व्यवस्थापनाने ते काढून दुसरीकडे नेले आणि त्याबद्दल लोकांची बोलणीही खाल्ली. बुंध्याला मात्र कुंपण घातले. २०२४ च्या उन्हाळ्यात त्याच बुंध्यातून आठ नवे धुमारे फुटलेले दिसले. पडलेल्या झाडाचे बी आणि कोवळ्या फांद्या जमवून वाढवलेली ४९ रोपे निरनिराळ्या गावांना व संस्थांना देण्यात आली. झाड तुटले तेव्हा त्याची उंची ४९ फूट होती, म्हणून हा आकडा.

वड, पिंपळ आणि उंबर ही मंडळी तर याहून चिवट. बुंध्याची साल आणि मुळे जिवंत असतील, तर पाण्याच्या पहिल्या सरींनंतर कडेने फुटवे येतील. त्यांतले दोन-तीन जोमदार ठेवून बाकीचे काढावेत. बुंध्यावर डांबर, चुना किंवा मिठाचे पाणी कोणी ओतणार नाही, एवढे पाहावे. पाऊस संपेपर्यंत काहीच फुटले नाही, तर सोसायटीच्या ठरावाला खुशाल हात वर करा.